दुसऱ्या दिवसाचं पाणी

आमच्या तळ्यात जिताडे होते. किती ते मी कधी मोजले नाय, मासा मोजला की नजर लागते. पण सगळ्यात मोठा होता त्याचं नाव मी सरपंच ठेवलं होतं. टोपलीतली कोलीम, ती बारीक कोळंबी, पाण्यात पडायच्या आत हा पुढं हजर, आणि पोट भरलं की दोन दिवस तोंड दाखवायचा नाय. मग दुसरं काय नाव ठेवणार?

नवरा हसायचा. नवऱ्याचं नाव भगवान. आमच्या वेळेला नवऱ्याचं नाव घ्यायचं नाय. आता आधार कार्ड बघून कोणपण चव्हाट्यावर नाव वाचतो, मग मीच का लाजू? तर भगवान बोलायचा, "वेणू, पोरांना एवढ्या मायेनं भरवलं नायस कधी." मी बोलायची, "पोरं हाताला चावली असती तर भरवलं असतं." सरपंच माझ्या बोटाला तोंड लावायचा. टोपली हातात दिसली की बांधाच्या खालच्या दगडापाशी वर यायचा आणि मी कोलीम सोडेपर्यंत हलायचा नाय.

तळं म्हणजे काय फार मोठं नाय. घराच्या मागं खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची सखल जमीन, खाजणाच्या कडेला मातीचा बांध, बांधाच्या पलीकडं पनवेलची खाडी. बांधात लाकडी फळ्यांचं दार हाय, त्याला आमी उघाडी बोलतो. फळी उचलली की भरतीचं पाणी आत, फळी टाकली की बंद. सासऱ्यानं हातानं खणलेलं तळं. तवा जिताड्याची पिल्लं पाण्याबरोबर आपसूक आत यायची. बोयटं यायची, कोळंबी यायची, चिंबोऱ्या तर नको बोलेपर्यंत. मी लग्न होऊन आले तवा पाहुणा दारात दिसला की चुलीवर आधी मसाला भाजायला घ्यायचा आणि मग मासा आणायला जायचं, एवढा भरवसा. आता खाडीत काय हाय? ओहोटीला फेस आणि भरतीला प्लास्टिक. चिंबोरी धरायला आपटा गावाकडची बुधी यायची, ती पण यायची बंद झाली, वीटभट्टीवर जाते. पिल्लं येत नाय म्हणून हे जिताडे मी बोटाएवढे असताना विकत आणून सोडलेले. विमानं डोक्यावरून जातात, त्यांच्या आवाजाला पण ते सरावले होते.

हे तळं माझ्या पोराला नको होतं. निकेश माझा मोठा. त्याचे दोन ट्रेलर हायत, बंदरातून कंटेनरचे डबे उचलतो. गाड्या लावायला कोन गावाला भाड्यानं जागा घेतलीय. "आये," तो बोलायचा, "तळ्यात भराव टाकला की गाड्या दारात लागतील. त्या डबक्यात तुला काय दिसतं?" डबकं बोलला की माझं डोकं फिरायचं. मी बोलायची, "तुझ्या आज्यानं खणलं ते डबकं, आणि तू खणलास तो काय? तो मोबाईल?" पोरगा वाईट नाय हां. कष्टाचा हाय, आईबापाला जपतो. पण त्याच्या जल्मापासून त्यानं खाडी अशीच बघितलेली. त्याला तरी काय दोष देणार.

आता शब्द कसा गेला ते सांगते, कारण सगळं त्याच्यावर हाय.

माझी पोरगी भाविका उरणला दिली. तिचा सासरा काशिराम, आधी मिठागरात, मग होडीवर, सगळा जन्म खाऱ्या पाण्यात काढलेला माणूस. मनानं चांगला, पण जिभेला हाड नाय. साखरपुड्याला पंगत बसलेली, मी आपली माझ्या तळ्यातल्या जिताड्यांचं कौतुक सांगत होते. तर हा मोठ्यानं बोलतो कसा, "पनवेलच्या खाडीच्या पाण्यातला मासा? बरं हाय, कालवणाला चूल पेटवायला रॉकेल वेगळं नको!" अख्खी पंगत हसली. आमच्याकडची माणसं पण हसली, ते जास्त झोंबलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वाढायचं भांडं खाली ठेवलं आणि बोलले, "व्याही, माझ्या तळ्यातला जिताडा तुमच्या ताटात आणून घालीन. बोटं चाटून खाल्ला नाय तर नावाची वेणू नाय."

घरी आल्यावर निकेशनं तेच धरलं. आमच्यात पोरगी पहिलटकरीण असली की सातव्या महिन्यात तिला माहेरी आणतात, आणि आणायला जाताना व्याह्याकडं जिताडा न्यायचा असतो. अख्खा, खवल्यासकट. निकेश बोलला, "ठरलं तर आये. भाविकेला आणायला जाऊ तवा तुझाच जिताडा न्यायचा. वास नाय आला तर मी भरावाचं नाव जल्मात काढणार नाय. वास आला तर दुसऱ्या दिवशी जेसीबी."

"चालेल," मी बोलले. वर त्याच्या हातावर टाळी पण दिली. भगवाननं कपाळाला हात लावला. त्याची ती सवयच हाय.

यंदा भाविकेला दिवस गेले आणि सातवा नेमका ऐन उन्हाळ्यात आला. आणि उन्हाळा कसला, नुसती भट्टी. उन्हाळा आमाला नवीन नाय, पण असं पाणी तापलेलं मी बघितलं नव्हतं. दुपारी तळ्यात हात घातला तर आंघोळीला काढलेलं पाणी. पाणी आटून काठाचे दगड उघडे पडले. सकाळी उजाडताना जाऊन बघावं तर सगळे जिताडे तोंडं वर काढून नुसते आ वासतायत. सरपंच पण. कोलीम टाकली तर कोण शिवेना. एक बारका उताणा झाला, तो मी काढला आणि माडाच्या बुंध्याशी पुरला. तिथंच बसून रडले. हो, रडले, लाजायचं काय त्यात? माशासाठी रडली बोलून शेजारणी हसल्या, हसू देत.

भगवाननं कुठून तरी पंप आणला. पंप काय करणार, तेच गरम पाणी वर उडवायचा आणि तेच खाली पडायचं. मासे जगवायचे तर नवीन पाणी पायजे, आणि नवीन पाणी म्हणजे खाडीचं. उघाडी गेलं वर्षभर मी उघडली नव्हती. पावसाच्या पाण्यावर भागवलं होतं. खाडीच्या पाण्याची मला पण भीती होतीच की.

पण पाणी घ्यायची आमची एक रीत हाय. सासऱ्यानं शिकवलेली, त्याला त्याच्या बापानं. अमावस-पुनवेला मोठं उधाण येतं. त्या उधाणाचं पहिल्या दिवसाचं पाणी घ्यायचं नाय. मधल्या दिवसांत भरती बारकी असते, तवा सगळी घाण खाडीच्या तळाला बसते. पहिलं उधाण ती घाण ढवळतं आणि ओहोटीबरोबर बाहेर दर्यात नेऊन टाकतं. दुसऱ्या दिवशी येतं ते धुतलेलं पाणी, ते घ्यायचं. आमच्या गावात शेंबडं पोर पण हे सांगेल. खाडीकाठच्या सगळ्या उघाड्या पूर्वी दुसऱ्या दिवशीच उघडायच्या.

पुनवेचं उधाण आलं. पहिला दिवस मी दात-ओठ खात जाऊ दिला. मासे तिकडं आ वासतायत आणि मी इकडं बांधावर बसून पाणी नुसतं बघतेय, जीव टांगणीला. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर गेले. खाली चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. निवटी म्हणजे ते चिखलावर सरपटणारे डोळे वटारलेले मासे. त्या चिखलात खेळतायत म्हणजे पाणी बरं, हा पण आमचा एक ठोकताळा. मी फळीला हात घातला.

भगवान उभा होता. तो बोलला, "वेणू, जरा थांब. पाण्यावर तवंग दिसतोय."

"कुठं?"

"तो बघ, तिवरीच्या मुळांशी. रंग दिसतायत."

दिसत होते. खोटं कशाला बोलू? कडेला पातळसा तवंग होता, उन्हात जांभळा-हिरवा चमकत होता. मी बोलले, "होडी गेली असेल कुणाची. इंजिनाचं तेल असतंच."

"वास पण येतोय."

"खाडीला वास येणार नाय तर काय अत्तर येणार? तुमाला आयुष्यभर शंकाच! आज दुसरा दिवस हाय. घ्यायचं नाय बोलून मासे मेले तर जेसीबीपुढं तुमी आडवे पडणार काय?"

तो बाजूला सरकला. नेहमीसारखा. मी फळी उचलली.

पाणी आलं ते गार आलं. पायांना गार लागलं आणि मला एवढं बरं वाटलं काय सांगू. घटकाभरात मासे फिरायला लागले. सरपंचानं शेपटी मारली आणि पाणी माझ्या तोंडावर उडवलं. मी शिव्या दिल्या त्याला, आनंदानं. संध्याकाळी कोलीम टाकली तर सगळे तुटून पडले. दोन दिवस, चार दिवस, आठवडा झाला, एक मासा मेला नाय. मी भगवानला सुनावलं, "बघितलंत? बापजाद्यांना अक्कल होती." तो पण बोलला, "हो बाय, होती." निकेशपण तळ्यावर आला, बघून गेला. मला वाटलं, जिंकले मी.

उरणला जायचा दिवस आला. सरपंचाला न्यायचा माझा जीव होईना. मी सांगितलं, मोठ्याचं मांस निबर असतं, त्याच्या खालचा काढा. भगवान गालात हसला, पण जाळं टाकलं त्यानं दुसऱ्यावरच. काय मासा होता! पाठ चांदीसारखी, डोळा लखलखीत, कल्ले लाल. केळीच्या पानात गुंडाळला, वर बर्फ, आणि निकेशच्या गाडीत माझ्या पायाशी ठेवला. वाटभर मी पानाची कड उचलून बघत होते. निकेश बोलला, "आये, पळून नाय जायचा आता तो." रस्त्याला दोन्हीकडं डब्यांच्या गाड्यांच्या रांगा. एसी बंद होता, खिडकी उघडी, नाकात सगळा डिझेलचा धूर.

भाविकेनं दारात माझ्या गळ्यात हात टाकले. पोट चांगलं पुढं आलेलं, तोंडावर तेज. सातव्यातली पोरगी कशी दिसायला पायजे तशी दिसत होती. माझी विहीण गोदू, शांत बाई, तिनं मासा दोन्ही हातांनी घेतला, हळद-कुंकू लावलं आणि आत नेला. व्याह्याच्या घरी मुलीच्या आईनं चुलीला हात लावायचा नाय, म्हणून मी बाहेर ओटीवर बसले. काशिराम समोर. मी बोलले, "व्याही, काडेपेटी तयार ठेवा हां." तो हसला. "वेणूबाय, तुमी अजून विसरला नाय?" मी बोलले, "विसरायला मी काय म्हातारी झाले?"

आतनं मसाल्याची फोडणी बसली. त्या वासात मधेच काहीतरी दुसरं नाकाला लागलं. मी रस्त्याकडं बघितलं, एक ट्रेलर चालू इंजिनावर उभा होता. मला वाटलं, त्याचाच.

पुरुषमाणसं आधी बसली. भगवान, निकेश, काशिराम आणि माझा जावई परेश. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. मला आता काशिरामचं तोंड सोडून जगात काय दिसत नव्हतं. गोदूनं वाढलं, रस्सा लालभडक, कैरीच्या फोडी जरा जास्तच. काशिरामनं भाकरीचा तुकडा मोडला, माशाचे काटे काढले, घास तोंडात टाकला. चावला. थांबला. परत चावला. मग पाण्याचा तांब्या उचलला आणि पाणी प्यायला.

"काय व्याही?" मी बोलले.

"एक नंबर," तो बोलला. "हरलो बाय मी. एवढा गोड जिताडा मी उरणला पण खाल्ला नाय."

मी निकेशकडं वळले. "तू सांग. तू सांग आता."

निकेश मान खाली घालून खात होता. बोलला, "नाय आये. वास नाय."

"मोठ्यानं बोल!"

"वास नाय. भराव कॅन्सल. झालं?"

भगवाननं ताटातला शेवटचा तुकडा संपवला आणि हात धुवायला उठला. परेश पण उठला. काशिरामनं तर रस्सा परत मागितला. मी हवेत! दोन्ही हात कमरेवर ठेवून सगळ्यांना ऐकवलं, की रॉकेल बोलणारे आता वाटी पुढं करतायत, की पनवेलची खाडी अजून मेली नाय, की पाणी कधी घ्यायचं ते कळायला पायजे नुसतं. लय बोलले. कोणी मला अडवलं नाय, ते मला तवाच कळायला पायजे होतं. माझी पोरं मला एवढं बोलू देत नाय कधी.

मग आमी बायका आत बसलो. गोदू, भाविका आणि मी. भाविकेच्या ताटात डोकं वाढलेलं. पोटुशीला माशाचं डोकं देतात, पोराला ताकद येते बोलतात. मला भूक कडाडून लागली होती. सकाळपासून आनंदात काय खाल्लं नव्हतं. मी मोठा तुकडा तोडला, रश्शात बुडवला आणि तोंडात टाकला.

आधी मसाला लागला, मग कैरीचा आंबटपणा. आणि मग मांसाच्या आतनं, अगदी काट्याजवळनं, रॉकेल.

वास नव्हे, चव. जिभेवर, घशात. बत्तीत रॉकेल भरताना पूर्वी नळीनं ओढायचो आणि चुकून तोंडात यायचं, तसंच. मी घास धरून बसले. गोदूकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, भाकरी वाढत होती. मासा कापला तवाच तिला कळलं असणार, म्हणून तर एवढी कैरी, एवढा लसूण. म्हणजे काशिरामला कळलं होतं. भगवानला, परेशला. निकेशला कळलं होतं.

माझ्या पोरानं खोटं बोलून मला माझं तळं परत दिलं होतं.

खरं सांगते, क्षणभर मी तो घास गिळायचं ठरवलं. गिळला असता की संपलं होतं सगळं. तळं माझं, सरपंच माझा, शब्द माझा. बाकीच्या सगळ्यांनी आपापला घास माझ्यासाठी गिळला होता, मला एक जड होता काय? मग माझी नजर भाविकेच्या ताटावर गेली. डोकं अर्धं संपलं होतं. ती खाली मान घालून सावकाश खात होती. एक घास, एक पाण्याचा घोट. एक घास, एक पाण्याचा घोट. तिला पण निकेशची आणि माझी पैज माहीत होती.

मी तिच्या पुढचं ताट ओढलं. असं ओढलं की रस्सा माझ्या लुगड्यावर सांडला.

"थूक," मी बोलले. "तोंडातला थूक आधी!"

"आये, काय झालं? चांगला हाय..."

"चांगला हाय? पहिल्या घासाला कळलं ना तुला? कळलं ना? मग खातेस कशाला, मुडदा बशिवला त्या तळ्याचा! माझ्या डबक्यासाठी पोटातल्या पोराला रॉकेल पाजतेस?"

भाविका रडायला लागली. "तुझं तळं जाईल ना गं," एवढंच बोलली.

मी तिचं तोंड माझ्या पदरानं पुसलं, चूळ भरायला लावली, आणि ताट तसंच हातात घेऊन ओटीवर गेले. चौघं पुरुष बसले होते. माझा अवतार बघून काशिराम उठला, "वेणूबाय, अवो काय झालं?" मी त्याला हातानं बसवला. मी निकेशपुढं उभी रायले.

"वास होता का नाय?"

"आये, मघाशी सांगितलं की."

"परत सांग."

"नव्हता."

"निकेश, तुझ्या बहिणीच्या ताटात होतं हे. सातवा महिना हाय तिला. ती खात होती. आता सांग. होता का नव्हता?"

त्यानं ताटाकडं बघितलं. मग माझ्या मागं दारात उभ्या भाविकेकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा ट्रेलर चालवणारा गडी.

"होता," तो बोलला.

"हां," मी बोलले. "जेसीबी कधी आणतोस?"

 काशिरामनं माझ्या हातातनं ताट घेतलं. हळू आवाजात बोलला, "साखरपुड्याला मी मस्करी केली होती बाय. आमच्या खाडीचा पण असाच लागतो आता. आमी वर्ष झालं, बाजारातनं बाहेरचा बर्फातला आणतो." 

परतीच्या वाटेवर भाविका मागं माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. डॉक्टरीणबाईंना आमी वाटेतच दाखवलं, त्या बोलल्या एवढ्यानं काय होत नाय, पण परत नको. निकेश गाडी चालवता चालवता बोलला, "आये, उधाण आलं की टँकरवाले कारखान्यांचं तेलकट सांडपाणी नाल्यात ओततात, ड्रायव्हर लोकांत सगळ्यांना माहीत हाय. मोठ्या पाण्यात खपून जातं. पहिल्या दिवशी ओतलेलं ओहोटीला खाली जातं आणि दुसऱ्या दिवशीची भरती तेच वर आणते."

म्हणजे आजा-पणज्यांची रीत मी अगदी बरोबर पाळली होती. आणि पाळली म्हणूनच अख्खं विष नेमकं माझ्या तळ्यात घेतलं. भगवानला साधा डोळ्यांनी दिसला तो तवंग मला दिसूनपण दिसला नाय. मी पुढच्या सीटवर बसलेल्या त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो बोलला, "राहू दे गं." मला त्याच्या त्या राहू दे चा आयुष्यभर राग आला, त्या दिवशी नाय आला.

निकेश नंतर चार वेळा बोलला, भराव नको, मी कोनलाच गाड्या लावतो, तुझं तळं असू दे. मीच ऐकलं नाय. एक तर शब्द दिला होता, तो काय फक्त जिंकायसाठी दिला नव्हता. आणि दुसरं, मी मला ओळखते. तळं रायलं तर मी परत पिल्लं सोडणार, परत कायतरी जुनी रीत काढणार, आणि परत कुणाच्या तरी ताटात वाढणार. माझी खोड जायची नाय. त्यापेक्षा तळंच जाऊ दे.

जेसीबी आणि डंपर यायच्या आदल्या दिवशी आमी ओहोटीला उघाडीच्या सगळ्या फळ्या काढल्या. मासे धरून विकावेत असं एक-दोघं सांगायला आले होते, बोलले कुणाला कळतंय, त्यांना मी काय बोलले ते सांगण्यासारखं नाय. पाणी खाडीकडं धावायला लागलं. एक एक जिताडा पाण्याच्या ओढीनं उघाडीतनं बाहेर गेला. पाठ चमकायची आणि दिसेनासा व्हायचा. खाडीत जगतील का नाय, मला माहीत नाय. निदान वाहतं पाणी, पुढं दर्या हाय.

सगळे गेले, सरपंच जाईना. पाणी गुडघ्याएवढं उरलं, मग घोट्याएवढं. तो आपला खालच्या दगडापाशी, मी रोज उभी राहते तिथं. भगवाननं बांबूनं ढकलला, निकेश चिखलात उतरून दोन्ही हातांनी त्याला उघाडीकडं लोटायला लागला. तो निसटायचा आणि वळून परत दगडापाशी.

"जा की रे मेल्या," मी ओरडले. "जा! नाय काय माझ्याकडं!"

मी खाली उतरले आणि हात त्याच्यापुढं पसरून दाखवले, दोन्ही, रिकामे. तो वर आला आणि माझ्या बोटाला तोंड लावलं.

त्याला वाटलं, मी कोलीम आणलीय.